संक्रांतीची खाद्यजत्रा कशी उभारावी: इंदूरच्या मैदानावर दोन हजार माणसांचा हिशोब

मकरसंक्रांत इंदुरात सात-आठ नावांनी येते. १३ जानेवारीच्या संध्याकाळी पंजाबी घरांत लोहडी आणि सिंधी घरांत लाल लोई पेटते. दुसऱ्या दिवशी मराठी घरांत तिळगूळ आणि गुळाची पोळी, गुजराती घरांत उंधियू, तमिळ घरांत पोंगल, बंगाली घरांत पिठे, पूर्वेकडून आलेल्या घरांत दही-चुडा (दही-पोहे) किंवा खिचडी. माळव्यात तर गल्लीगल्लीत गिल्ली-दांडू. एकाच वसाहतीत इतके सण शेजारी-शेजारी होतात, पण ताटं एकमेकांच्या घरी जात नाहीत. ती एका मैदानात आणायची असतील तर संक्रांतीसारखी दुसरी संधी नाही.

खाली दिलेला हिशोब ६० × ४० मीटरच्या शाळेच्या मैदानाचा, संध्याकाळी ५ ते १० या वेळेचा आणि सुमारे २,००० माणसांचा आहे. मैदान लहान असेल तर आकडे त्या प्रमाणात उतरवावेत. एक गोष्ट मात्र कुठल्याही आकाराला लागू पडते: सगळं नियोजन साडेसात ते साडेआठ या एका तासासाठी करायचं. माणसं संध्याकाळभर सारखी येत नाहीत. साधारण ४० टक्के, म्हणजे ८०० माणसं, याच तासात मैदानात एकदम असतात. ताटं, वीज, पाणी, रांगा, कचरा यांतलं जे काही कोलमडतं ते याच तासात. पाच तासांची सरासरी काढून केलेलं नियोजन कागदावर सुंदर दिसतं आणि पावणेआठला बसतं.

तारीख

ऐन १३-१४ तारखेला जत्रा ठेवू नये. त्या दिवशी घरोघरी पूजा असते आणि ज्यांच्या हातचं खायचं तेच घरात अडकलेले असतात. त्यानंतरचा शनिवार धरावा. मराठी घरांत हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे तिळगुळाचं औचित्य टिकतं. २६ जानेवारीच्या आधी उरकावं, कारण नंतर शाळांची मैदानं परीक्षांच्या नावाने बंद होऊ लागतात.

लोहडी आणि लाल लोईच्या शेकोटीबद्दल मात्र त्या-त्या समाजातल्या ज्येष्ठांना आधी विचारावं. काही घरांना तिथीबाहेर अग्नी पेटवणं पटत नाही. ते नको म्हणाले तर शेकोटी करू नये. गाणी, रेवडी आणि शेंगदाणे पुरेसे आहेत. होकार आला तर जमिनीवर विटा आणि वर चार इंच वाळू अंथरून दीड मीटर रुंदीची शेकोटी करावी, भोवती दहा मीटरचं मोकळं रिंगण दोरीने आखावं, सव्वासहाला पेटवून गर्दीच्या तासाआधी निखाऱ्यांवर आणावी.

स्वयंपाकघरं शोधणं

सहा आठवडे आधी सुरुवात करावी. समाजाच्या संस्थांना पत्र पाठवलं की बहुधा त्यांचा ठरलेला केटरर येतो आणि सगळ्या स्टॉलवर तेच छोले आणि तीच पावभाजी दिसते. त्यापेक्षा घरांत जावं. "भाभीजी, तुमच्याकडे संक्रांतीला सकाळी काय होतं?" असा साधा प्रश्न विचारला की खरा पदार्थ निघतो. प्रत्येक घराला, किंवा तीन-चार घरांच्या गटाला, एक मुख्य आणि एक जोडीचा पदार्थ एवढंच द्यावं. तिसरा पदार्थ आला की वाढण्याचा वेग निम्म्यावर येतो.

२० स्टॉल पुरतात. त्यात सहापेक्षा जास्त तळणीचे नकोत आणि निदान सात असे हवेत, ज्यांचा पदार्थ घरूनच तयार येतो आणि मैदानात फक्त वाढायचा असतो. गर्दीच्या तासाचा भार हे सात स्टॉल उचलतात.

प्रत्येक स्टॉलवर एक पाटी: पदार्थाचं नाव त्या भाषेच्या लिपीत आणि देवनागरीत, तो कोणत्या दिवशी आणि का करतात याच्या दोन ओळी, आणि खाली ठळक अक्षरांत तीळ, शेंगदाणा, दूध, गहू यांतलं काय आहे ते. संक्रांतीच्या बऱ्याच पदार्थांत तीळ किंवा शेंगदाणा असतो आणि ज्यांना त्यांची ॲलर्जी असते त्यांचा घसा काही मिनिटांत सुजू शकतो, म्हणून ही ओळ कुणी विसरली तर स्टॉल उघडू देऊ नये. कंद नसलेल्या पदार्थांवर वेगळी खूण करावी. इंदुरात जैन पाहुणे बरेच असतात आणि गराडू (तळून खायचा कंद), उंधियू त्यांना चालत नाही.

कोणता पदार्थ किती, आणि कुठे अडतं

या जत्रेत माणूस पोटभर जेवत नाही, चाखत फिरतो. १०० ग्रॅमच्या आसपासची छोटी वाढणी ठेवावी. गर्दीच्या तासात माणशी दोन धरल्या तर ८०० माणसांच्या १,६०० वाढण्या होतात, म्हणजे स्टॉलमागे ८०. पण हे सरासरीचं गणित झालं. गराडू, बाफले आणि थालीपीठ यांच्यापुढे दुप्पट रांग लागते, म्हणून त्यांनी तासाला १५०-१६० ची तयारी ठेवावी. एक वाढणारा वीस-पंचवीस सेकंदांत एक द्रोण देतो. तोच माणूस कूपनही घेऊ लागला की चाळीस सेकंद लागतात. कूपन घेणारा वेगळा बसवावा.

गराडू: १०० वाढण्यांना १५ ते १६ किलो कच्चा माल. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून आधी तेल चोळावं. तुकडे करून मंद आचेवर पहिलं तळण दुपारी तीनपर्यंत संपवावं. आतून शिजले पण रंग चढला नाही, अशा अवस्थेत काढून पसरून गार करावेत. गिऱ्हाईक आलं की हलके दाबून कडक तापलेल्या तेलात दुसरं तळण, वर जिरावन मसाला आणि लिंबू. दोन्ही तळणं मैदानातच करायला गेलं की एका घाण्याला पंधरा मिनिटं लागतात आणि घाईत मधला गाभा कच्चा राहतो. पहिल्या तळणातले तुकडे गरम असतानाच डब्यात भरून झाकले तर वाफेने ओलसर होतात आणि दुसऱ्या तळणात कुरकुरीत होत नाहीत. दुपारपासून वापरलेलं तेल काळपट आणि फेसाळ झालं की ओतून ठेवावं, त्यात नवं तेल मिसळून ताणू नये.

दाल-बाफले: दोन छोट्या बाफल्यांच्या १०० वाढण्यांना १० किलो जाडसर कणीक लागते, एका किलोत ७५ ग्रॅमचे वीस गोळे होतात. उकळत्या पाण्यात गोळे वर तरंगले तरी लगेच काढू नयेत, एकूण दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. नंतर कापडावर पूर्ण कोरडे करून भाजावेत. घाईत ओले गोळे भट्टीत टाकले की बाहेरून करपतात आणि आत चिकट पिठाची गाठ राहते. बाफले संध्याकाळी चारपर्यंत भाजून तयार हवेत. मैदानात फक्त परत गरम करून तुपात बुडवणं.

थालीपीठ: इथे बहुतेक गट फसतात. एका थालीपीठाला सहा मिनिटं लागतात, घरच्या तव्यावर तासाला दहा. दोन बाय तीन फुटांचा मोठा तवा घेतला तर पाच इंची थालीपीठं कागदावर चोवीस मावतात, पण कडांना आच पोचत नाही, त्यामुळे कामाची जागा पंधरांचीच. तासाला दीडशे. तेवढा तवा आणि थापणारे दोघं नसतील तर थालीपीठ ठेवूच नये, त्याऐवजी गुळाची पोळी ठेवावी.

गुळाची पोळी दोन दिवस आधी करून ठेवता येते, गारठ्यात बिघडत नाही, हातात धरून खाता येते. सारणासाठी साधा मऊ गूळ, भाजलेल्या तिळाचा कूट, खसखस आणि तुपात खमंग भाजलेलं थोडं बेसन. चिक्कीचा गूळ घातला तर गार झाल्यावर सारण दगडासारखं होतं. कणीक सारणाइतकीच घट्ट हवी. सैल असली तर लाटताना गूळ कडेला पोचत नाही आणि फुटला तर तव्यावर जळतो.

सिंधी दाल-पकवान यासाठी फार सोयीचं. पकवान सकाळी तळून पूर्ण गार करून हवाबंद डब्यात, चण्याची डाळ मोठ्या पातेल्यात गरम. उंधियूही सकाळी घरीच व्हावं, कारण कंद, पापडी आणि मेथीचे मुठिये एकमेकांत मुरायला वेळ लागतो. खाऱ्या पोंगलला १०० वाढण्यांमागे दोन किलो तांदूळ आणि एक किलो मूगडाळ. तो गार होता होता घट्ट होत जातो, म्हणून शेजारी उकळत्या पाण्याची किटली ठेवून मधूनमधून सैल करावा. बंगाली पाटिसापटा मात्र तव्यावर एकेक घालायचं काम आहे. ते आठच्या आत संपणार हे मान्य करून पाटीवरच 'फक्त १०० नग' लिहावं, म्हणजे रांगेत उभं राहून कुणी नाराज होत नाही.

भुट्ट्याचा कीस जानेवारीत ठेवू नये. त्याला लागणारं देशी कणीस पावसाळ्यातलं. हिवाळ्यात मिळणारा गोड मका किसला की पाणी सोडतो आणि चव गुळचट होते.

प्रवेशद्वारावर प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवावा, विकू नये. १२ ग्रॅमचे २,००० लाडू म्हणजे २४ किलो: १० किलो तीळ, १० किलो चिक्कीचा गूळ, ४ किलो शेंगदाण्याचा कूट. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त पाक घेऊ नये, वळणारे सहा हात असले तरी त्यापुढचा पाक वळेपर्यंत थिजतो.

शिजवलेलं गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि दही, मलई ५ अंशांच्या खाली राहायला हवं. प्रत्येक स्टॉलवर थर्मामीटर देणं शक्य नसेल तर एकाच स्वयंसेवकाने तासाला एकदा सगळीकडे फिरून मोजावं आणि वहीत लिहावं. गार पडलेली डाळ पुन्हा नुसती कोमट करून वाढणं सर्वांत धोक्याचं. तिला खळखळून उकळी हवी.

मैदानाची आखणी

३ × ३ मीटरचे दहा-दहा स्टॉल दोन्ही लांब बाजूंना, दर दोघांत एक मीटर मोकळं. समोर पाच मीटरची वाट. मधोमध २५० खुर्च्या आणि एका टोकाला रंगमंच. प्रवेश आणि निकास वेगळे. अग्निशमन गाडी आत येईल असा सहा मीटरचा एक रस्ता पूर्ण मोकळा, तिथे दुचाकीसुद्धा नको. तळणीचे स्टॉल कोणत्या टोकाला ठेवायचे हे नकाशावर ठरवू नये. आदल्या आठवड्यात संध्याकाळी सात वाजता मैदानात उदबत्त्या लावून धूर कुठे जातो ते पाहावं. धूर रंगमंचाकडे गेला तर गाणाऱ्याचा गळा पहिल्या अर्ध्या तासात बसतो.

लोकप्रिय तीन स्टॉल शेजारी-शेजारी देऊ नयेत. रांगा एकमेकींत मिसळतात आणि वाट बंद होते. गराडू एका टोकाला, बाफले दुसऱ्या, थालीपीठ समोरच्या बाजूला.

रांगोळी, मांडणा, कोलम आणि आल्पना यांसाठी प्रवेशाजवळ चार बाय चार फुटांचे चौकोन शेजारी-शेजारी आखावेत आणि काम दुपारी सुरू करावं, येणाऱ्यांना हात चालताना दिसले पाहिजेत. माळव्याचा मांडणा गेरूच्या जमिनीवर खडूमातीने काढतात. गेरू वाळायला दोन तास लागतात, ते धरून चालावं. गिल्ली-दांडू फक्त सकाळी, जाळीआड. संध्याकाळच्या गर्दीत उडालेली गिल्ली डोळ्याला लागते.

वीज आणि गॅस

वीस स्टॉलचे दिवे २ किलोवॅट, पाच इंडक्शन शेगड्या १०, मिक्सर आणि गरम ठेवण्याची उपकरणं ६, ध्वनी ६, रंगमंचाचे दिवे ४, मैदानाचे ४. एकूण ३२ किलोवॅट. ६२.५ केव्हीएचा जनरेटर सुमारे ५० किलोवॅट देतो, म्हणजे पुरेशी मोकळीक राहते. तरीही साडेसातला अंधार होतो, कारण वायरमन सोयीसाठी ओळीतल्या पाचही शेगड्या एकाच फेजवर जोडतो. तिथे एकट्या शेगड्यांचाच ४३ ॲम्पिअर प्रवाह होतो आणि ४० चा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) तापून पडतो. शेगड्या तीन फेजांवर वाटून द्याव्यात, ध्वनी वेगळ्या सर्किटवर घ्यावा, आणि प्रत्येक रांगेच्या पेटीत ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. प्रत्येक स्टॉल विजेची काय-काय उपकरणं आणणार ते आधी लेखी घ्यावं. आयत्या वेळी आलेली पाण्याची हीटर-कांडी आख्खी रांग बंद पाडते.

मोठा बर्नर तासाला साधारण एक किलो गॅस घेतो. १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर दोन बर्नरच्या स्टॉलला संध्याकाळभर पुरतं. घरगुती लाल सिलिंडर आणू देऊ नये. जास्तीची सिलिंडरं मैदानाबाहेर कुलपात. थंडीत आच मंदावते, कारण आतला द्रव पुरेशा वेगाने वाफ होत नाही आणि टाकीवर दव साठतं. अशा वेळी सिलिंडर आडवं करणं किंवा खाली निखारे सरकवणं हे दोन्ही जिवावरचे खेळ आहेत. सिलिंडर बदलावं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून स्टॉलच्या मागचा पडदा जमिनीपासून फूटभर वर बांधावा. चार वाजता प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून तपासणी. तळणीच्या प्रत्येक स्टॉलवर कढईवर बसेल असं धातूचं झाकण हवं: तेल पेटलं तर गॅस बंद, झाकण वर, पाणी अजिबात नाही. शिवाय दर दोन स्टॉलमागे सहा किलोचं अग्निशामक.

रंगमंच

साडेपाच ते पावणेदहा म्हणजे २५५ मिनिटं. १२ मिनिटांचं सादरीकरण आणि ५ मिनिटांची बदलाबदल धरली की पंधरा कार्यक्रम बसतात. चौदाच घ्यावेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नियमाने बंद, त्यामुळे शेवटच्या गायकावर अन्याय होतो तो पहिल्या तीन कार्यक्रमांच्या उशिरामुळे. सत्कार आणि भाषणं मिळून दहा मिनिटं, तीही सहाच्या आत.

क्रम असा ठेवावा: आधी लहान मुलं, म्हणजे त्यांचे आई-वडील लवकर येतात. मग गिद्दा, गरबा, लेझीम. साडेसातला, ऐन गर्दीत, मैदान ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. तिथे वादन ठेवावं. माळव्यातली कबीराची निर्गुणी भजनं साडेआठनंतर, तंबोरा, ढोलक आणि मंजिऱ्यांसह. शास्त्रीय गायक उस्ताद अमीर खाँ ज्या शहरात वाढले तिथे शांत गाणं ऐकणारे शंभर-दीडशे तरी खुर्च्यांवर राहतात, आणि त्यांच्यासाठी हा तास राखून ठेवणं हे आयोजकांचं काम आहे. ढोल-ताशा रंगमंचावर नकोच, तो प्रवेशद्वारावर पाच ते सहा.

मुख्य स्पीकर माईकच्या ओळीच्या पुढे हवेत. मागे गेले की शिट्टी वाजते, आणि ती थांबवायला आवाज कमी केला की गाणं ऐकू येत नाही. दूरच्या टोकासाठी पुढचा आवाज वाढवू नये, मधे दोन छोटे स्पीकर उभे करावेत. स्टॉलच्या रांगांकडे एकही स्पीकर वळवू नये, तिथे माणसांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. सातनंतर दव पडू लागतं आणि तबल्याची पुडी ओल धरून उतरते. तबला शेवटच्या क्षणापर्यंत कापडात गुंडाळून आत ठेवावा. रेकॉर्ड केलेल्या गाण्यांवर नाच असेल तर हक्कधारकांचा परवाना आधी घ्यावा.

कागदपत्रं

तीन आठवडे आधी अर्ज: मैदानाच्या मालकाचं लेखी संमतीपत्र, नगर निगमचं झोन कार्यालय, पोलीस ठाणं आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी, अग्निशमन विभाग, वीज कंपनीची तात्पुरती जोडणी. खाद्य विकणाऱ्या प्रत्येकाची एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी. सगळ्यांच्या तीन-तीन प्रती एका फायलीत, आणि ती फाईल त्या संध्याकाळी एकाच ठरलेल्या माणसाकडे.

कूपन, पाणी, कचरा

चार जणांचं कुटुंब धरलं तर ५०० व्यवहार, त्यातले निम्मे एका तासात. एका व्यवहाराला ४५ सेकंद, म्हणजे एक खिडकी तासाला ८०. तीन खिडक्या लागतात, चौथी फक्त रोख रकमेची. गर्दीत मोबाईलचं नेटवर्क मंदावतं. ज्या जत्रेत प्रत्येक स्टॉलवर स्वतंत्र क्यूआर असतो तिथे रांग पैसे पोचण्याची वाट पाहत उभी राहते. कूपन दहा आणि वीस रुपयांचीच, दोन रंगांची, आणि उरलेली परत घेण्याची खिडकी रात्री दहापर्यंत उघडी.

पाणी: पिण्याचं १,५०० लिटर, हात धुण्याचं २,०००, स्टॉलचं ८००. पाच हजारांचा टँकर पुरतो. पिण्याच्या टाकीत क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली नाही ना, हे पट्टीने तपासावं.

एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या थाळ्या, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पानांचे द्रोण आणि लाकडी चमचे घ्यावेत. पाण्यासाठी स्टीलचे पेले आणि शेजारीच धुण्याची जागा. इंदूरकरांना ओला-सुका शिकवावा लागत नाही, पण गर्दीत हात भरलेला माणूस जवळच्या डब्यात सगळं टाकतो. म्हणून डबे सुटे ठेवूच नयेत. सहा ठिकाणी तीन-तीन एकत्र: ओला, सुका आणि तिसरी उरलेली डाळ-ताक ओतण्याची बादली. ही तिसरी बादली नसली की द्रवामुळे सुक्या कचऱ्याचं पोतं ओलं होतं आणि सगळंच वाया जातं. साडेसात ते नऊ प्रत्येक ठिकाणी एक स्वयंसेवक उभा हवा, नंतर नसला तरी चालतं. ओला कचरा वेगळा राहिला तर तो शहराच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जाऊ शकतो. लाकडी चमचा आणि कागदी रुमाल त्यात गेले की छाननीचं काम वाढतं, म्हणून निगमच्या गाडीची वेळ आधीच ठरवून रात्री अकराला पोती तिच्या हवाली करावीत.

दुसरा दिवस

कूपनं स्टॉलनुसार पाकिटांत, दोघांसमक्ष मोजून, संध्याकाळपर्यंत प्रत्येक घराचे पैसे. हे लांबलं की पुढच्या वर्षी तीच घरं येत नाहीत. मैदानातले खिळे आणि सुतळी उन्हं असतानाच वेचावीत, सोमवारी मुलं अनवाणी खेळतात. आणि प्रत्येक स्टॉलला एकच प्रश्न विचारून वहीत लिहावं: काय, किती वाजता संपलं, आणि किती उरलं.